उजनीच्या पाणफुगवट्याजवळ खडीची खाण आली, तर पक्षी, माळरान आणि पाण्यावरचा आघात तपासायचा कसा?

माळावरचा

इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा या पट्ट्यात उजनीच्या काठाला लागून गायरानं आणि पडीक माळ आहेत. खाली काळा पाषाण, वरून पुणे-सोलापूर महामार्ग जवळ. त्यामुळे दगडखाण आणि क्रशरचे अर्ज येत राहतात. अर्ज आला की गावात दोनच गट पडतात, एक 'विकास थांबवू नका' म्हणणारा आणि दुसरा 'फ्लेमिंगो मरतील' म्हणणारा. कागदावर टिकेल असं दोन्हीकडे फारसं नसतं.

चर्चेसाठी नमुन्याचा एक प्रस्ताव धरू. खऱ्या गटाचा नंबर इथे नको. क्षेत्र ४.९ हेक्टर, जमिनीची उंची साधारण ५१२ मीटर, खोली २० मीटर, वर्षाला ५०,००० ब्रास खडी, मुदत २० वर्षं, जागेवरच क्रशर. अर्जात लिहिलंय, 'जवळचा जलसाठा २.३ किमी'. परिसरात चिंकारा, लांडगा, हिवाळ्यात भोवत्ये (माळावर शिकार करणारे पाहुणे पक्षी). पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब (हिवाळ्यात येणारा हंसासारखा पक्षी), चित्रबलाक.

सुरुवात कुठून करायची? कृपया आकडे आणि पद्धत लिहा. भावना आपल्या सगळ्यांच्या सारख्याच आहेत.

चिखलपाय

पहिली हरकत त्या २.३ किमीवर घ्या. हे अंतर कुठल्या महिन्यात मोजलं?

उजनी भरल्याची पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३ मीटर. म्हणजे उपयुक्त साठ्याची उभी उंची जेमतेम ५.८ मीटर. काठ इतका सपाट की एवढ्याशा चढउतारात पाण्याची कड काही ठिकाणी किलोमीटरपेक्षा जास्त सरकते. धरण 'उणे'मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेलं की आणखी मागे. मे महिन्यातल्या उपग्रह चित्रावर पट्टी ठेवून २.३ किमी भरलं, तर ऑक्टोबरात तेच अंतर निम्म्याहून कमी भरू शकतं. आणि मधला उघडा पडलेला चिखल म्हणजे 'कोरडी जमीन' नव्हे, रोहित आणि चिखलपायी पक्षी नेमके तिथेच चरतात.

तेव्हा अंतर मोजायचं ते ४९६.८३ च्या समोच्च रेषेपासून खाणीच्या हद्दीपर्यंत. मध्यबिंदूपर्यंत नाही, क्रशर आणि पोचरस्ता हद्दीबाहेर असेल तर त्याच्या कडेपर्यंत. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि दर पाच दिवसांनी नवीन येतात. हिरवा पट्टा वजा जवळचा अवरक्त पट्टा, भागिले दोघांची बेरीज. उत्तर शून्याच्या वर आलं की साधारणपणे पाणी. गढूळ पाण्यात आणि शेवाळात हा आकडा फसवतो, म्हणून डोळ्यांनी खात्री करा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार चित्रं एकाच नकाशावर चार रंगांत काढा. पर्यावरण मंजुरी तपासणाऱ्या समितीपुढे या एका नकाशाचं जेवढं वजन पडतं तेवढं दहा पानी निवेदनाचं पडत नाही.

कागदी घोडा

चिखलपाय यांचा मुद्दा कायद्याच्या बाजूनेही कळीचा आहे, पण आधी एक गैरसमज दूर करतो. 'पाणथळ आहे म्हणून आपोआप संरक्षण आहे' असं नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातखाचरं आणि सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. उजनी सिंचनाचं धरण. नांदूर मधमेश्वरही मुळात बंधाराच, पण ते अभयारण्य आहे आणि रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत आहे. उजनीला तसं कवच नाही. 'पाणथळ नियमांचा भंग' असं लिहून अर्ज केलात तर समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तो मुद्दा उडवेल आणि बाकीचे चांगले मुद्देही त्याच्याबरोबर वाहून जातील.

पकड मिळते ती पर्यावरण मंजुरीत. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतला अर्जाचा नमुना-१ काढून बघा. त्यात १५ किमीच्या आतले जलसाठे, आणि संवेदनशील प्रजाती प्रजननासाठी, घरट्यांसाठी, चरण्यासाठी, विसाव्यासाठी, हिवाळा काढायला किंवा स्थलांतरात वापरतात त्या जागा विचारल्या आहेत. तिथे 'जागा अधिसूचित आहे का' असा प्रश्न नाही, 'वापरतात का' असा आहे. लहान खाणपट्ट्याला नमुना-१एम भरावा लागतो हे खरं, पण तुमच्या निवेदनाचा सांगाडा नमुना-१ च्या या यादीवर बसवा. आणि माहिती दडवली किंवा खोटी दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही काढून घेता येते. परिच्छेद ८ मधली ही तरतूद नावानिशी उद्धृत करा.

आता ४.९ हेक्टर. हा आकडा बघून हसू आलं असेल तर योग्यच आलं. पाच हेक्टरपर्यंतच्या सुट्या पट्ट्याला सविस्तर आघात अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही. पाचच्या वर गेलं की लागते, हरित लवादाच्या सप्टेंबर २०१८ च्या आदेशापासून. पण २०१६ च्या अधिसूचनेत समूहाचा नियम आहे: एका पट्ट्याच्या कडेपासून दुसऱ्याची कड ५०० मीटरच्या आत आणि खनिज एकसारखं असेल तर क्षेत्रांची बेरीज धरायची. म्हणून आजूबाजूचे चालू पट्टे, मंजूर पट्टे आणि प्रलंबित अर्ज जिल्हा खनिकर्म कार्यालयातून माहिती अधिकारात मागवा. शेजारी ४.९ चा दुसरा अर्ज चुलतभावाच्या नावाने निघाला तर आश्चर्य नको. पट्टा सुटा आहे की समूहात, हे तहसीलदाराच्या दाखल्यावर विसंबून ठरवू नका, गटनकाशे जोडून स्वतः मोजा.

अभयारण्याचं अंतरही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या निकालाप्रमाणे राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या हद्दीत आणि हद्दीपासून एक किमीच्या आत खाणकाम चालत नाही. माळढोक अभयारण्य तुकड्यातुकड्यांत पसरलेलं आहे, त्यामुळे अंतर वनविभागाच्या नकाशावरूनच काढा, गूगलवरच्या हिरव्या ठिपक्यावरून नको.

सुरुंग

मी खाणींचे आराखडे करतो, म्हणजे या धाग्यावर पलीकडच्या बाकावरचा. तरी तुमचं काम सोपं होईल असं एक सांगतो. आधी अर्जाचं गणित बसतं का ते बघा.

४.९ हेक्टर चौकोनी धरलं तर बाजू साधारण २२१ मीटर. हद्दीला चारही बाजूंनी ७.५ मीटर सोडायचे, उरले २०६. बेंच, म्हणजे खाणीची पायरी, ६ मीटर उंच, ६ मीटर रुंद धरली तर २० मीटर खाली तळाची बाजू १६६ मीटर. एकूण अंदाजे ६.९ लाख घनमीटर अखंड दगड. अखंड बसाल्ट घनमीटरला २.८ टन धरा, फुटलेली खडी १.५५ टन. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा ब्रासला सुमारे ४.४ टन. गणित केलंत तर ४.४ लाख ब्रास निघतात, त्यातून वरची माती, मुरूम आणि डस्ट वजा जाणार. वर्षाला ५०,००० ब्रास म्हणजे खाण नऊ वर्षांत संपली. मग २० वर्षांची मुदत कशाच्या जोरावर? एक तर बेंच सोडणार नाहीत, किंवा ३५-४० मीटर खोल जातील, किंवा हद्दीबाहेर सरकतील. तिन्ही गोष्टी खेड्यापाड्यांत सर्रास दिसतात. आघात २० मीटर खोलीवर तपासला आणि खाण ४० मीटर गेली, तर तुमचं सगळं मूल्यमापन कागदावर राहिलं.

वाहतूकही काढा. २५० कामाचे दिवस, रोज २०० ब्रास. हायवात कायदेशीर वजन धरलं तर चारेक ब्रास. ५० फेऱ्या, म्हणजे जाऊन-येऊन १०० वेळा गाडी त्या रस्त्यावरून जाणार. दहा तासांत दर सहा मिनिटांना एक. अर्जात 'वाहतूक नगण्य' असं वाक्य असेल तर त्याखाली हा हिशेब लिहा.

भूजल_पुणे

सुरुंग यांच्या खोलीच्या हिशेबाला जोडून. जमीन ५१२, खोली २०, म्हणजे तळ ४९२ मीटरवर. भरलेली उजनी ४९६.८३. खाणीचा तळ धरणाच्या भरल्या पातळीच्या सुमारे ४.८ मीटर खाली. याचा अर्थ धरणाचं पाणी खाणीत धो धो येईल असा नाही, दोन किमी अखंड बसाल्टमधून फारसं काही येत नाही. पण 'खाणकाम भूजलपातळीच्या वरच राहील' हे छापील वाक्य इथे आपोआप खरं धरता येत नाही. ते अर्जदाराने विहिरींच्या मोजमापाने सिद्ध करायला हवं.

दख्खनच्या दगडात पाणी तीन ठिकाणी असतं: मुरमात, मांजऱ्यात (छिद्राळ दगडात), आणि पाषाणाच्या सांध्या-भेगांत. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी तांबडा मातकट थर लागतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही, त्याच्या डोक्यावर पाणी अडकतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. माळावरच्या बऱ्याच लहान पाणवठ्यांचं आणि दलदलीच्या पट्ट्यांचं पाणी असं अधांतरी थरातलंच असतं. खाणीने तो थर फोडला की पाणी खाणीत उतरतं आणि ओढ्याकाठचा झरा जानेवारीतच आटतो. धरणाला काही होत नाही, पण चिंकारा आणि लांडगा उन्हाळ्यात ज्या डबक्यावर जगतात ते जातं. आघात अहवालात मोठ्या जलसाठ्यावर चार पानं असतात आणि या डबक्यावर एक ओळही नसते.

अर्जात बऱ्याचदा प्रभावक्षेत्राची त्रिज्या सूत्राने काढलेली असते: ३००० गुणिले पाणी किती खाली नेणार ते मीटरमध्ये, गुणिले पारगम्यतेचं, म्हणजे थरातून पाणी किती वेगाने झिरपतं त्याचं, वर्गमूळ. पाणी १० मीटर उतरवायचं आणि पारगम्यता सेकंदाला ०.००००१ मीटर धरली तर उत्तर ९५ मीटर. ती दहापट धरली तर ३०० मीटर. म्हणजे एक गृहीतक बदललं की उत्तर तिप्पट. शिवाय सूत्र एकसंध वाळूच्या थरासाठी आहे. भेगांच्या दगडात पाणी वर्तुळात ओढलं जात नाही, भेगेच्या दिशेने जातं. ७० मीटरवरची विहीर ठणठणीत आणि ६०० मीटरवरची कोरडी, असं होऊ शकतं.

म्हणून करायचं ते असं. एक किमीच्या आतली प्रत्येक विहीर, बोअर, झरा आणि डबकं यांची यादी करा. अक्षांश-रेखांश, कठड्याची उंची, खोली, कुठला थर लागला, पाणी किती महिने टिकतं, सगळं नोंदवा. पाण्याची पातळी किमान दोनदा मोजा, ऑक्टोबरच्या शेवटी आणि मेच्या मध्यात. मोजण्याआधी बारा तास पंप बंद हवा, नाहीतर उपशाची पातळी स्थिर पातळी म्हणून नोंदली जाते. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मागवून ताडून पाहा. झऱ्याचा प्रवाह बादली आणि घड्याळ लावून मोजला तरी चालतो.

प्राची_के

गाळाचं काय? पावसाळ्यात खाणीतलं पाणी ओढ्यातून थेट फुगवट्यात येणार ना?

भूजल_पुणे

येणार. आणि इथे अर्जातला आकडा तपासणं सगळ्यात सोपं आहे. सहसा '१० × ५ × २ मीटरचा गाळ-निवळण खड्डा' लिहिलेला असतो.

तासाला ३० मिमी पाऊस धरा, परतीच्या पावसात या पट्ट्यात तो नवलाचा नाही. ४९,००० चौरस मीटरवरचं ६० टक्के पाणी वाहून आलं तर तासाला सुमारे ८८० घनमीटर, सेकंदाला पाव घनमीटर. दगडाच्या पिठातला १० मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला ०.०९ मिलिमीटर खाली बसतो. तो अडवायचा तर खड्ड्याचा पृष्ठभाग हवा प्रवाह भागिले हा वेग, म्हणजे जवळपास २,७०० चौरस मीटर, सत्तावीस गुंठे. ५० चौरस मीटरच्या खड्ड्यात ७५ मायक्रॉनपेक्षा मोठी बारीक वाळूच काय ती थांबेल. पांढरं पीठ सगळं ओढ्यात.

खड्डा खोल करून हे सुटत नाही. पृष्ठभाग मोठा हवा. दुसरा उपाय खाणीचा तळच निवळण टाकी म्हणून वापरायचा आणि पावसात पंप लावायचाच नाही. तो स्वस्त आणि चांगला उपाय आहे, फक्त मंजुरीच्या अटीत तसं लिहून घ्यावं लागतं. नाहीतर काम लवकर सुरू करायला सप्टेंबरातच पंप लागतो. सुरुंगाच्या दारूतलं अमोनियम नायट्रेट पाण्यात उतरतं, म्हणून त्या उपशाच्या पाण्यात नायट्रेट तपासा. तुलनेला ओढ्याचं वरच्या बाजूचं पाणी घ्या.

चिखलपाय

आता जीवांकडे. इथला माझा मुख्य मुद्दा एकच: पाहणी चुकीच्या ऋतूत होते.

आघात अहवालाला एका ऋतूची, पावसाळा सोडून, आधारभूत माहिती पुरते. सल्लागार मार्च ते मे निवडतो कारण रस्ते कोरडे असतात. या परिसरात त्या तीन महिन्यांत काय निसटतं बघा. पट्टकादंब तोवर परतीला लागलेले असतात. भोवत्ये गेलेले. जमिनीवर घरटी करणारे लावे आणि काही चंडोल पावसाच्या आगेमागे वितात, ते नाहीत. बेडूक नाहीत. लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात होतात, मार्चपर्यंत त्यांनी गुहा सोडलेली असते. म्हणजे गुहा सापडली तरी रिकामी, आणि अहवालात 'वापरात नसलेली'.

उलट खाण नेमकी चालते ऑक्टोबर ते जून. पावसाळ्यात काम बंद ठेवणं हा वन्यजीवांसाठीचा उपाय म्हणून दाखवला जातो, पण पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरय, आर्ली आणि टिटव्या अंडी घालतात ते फेब्रुवारी ते मेमध्ये. त्यांना त्या बंदीचा काडीचा उपयोग नाही.

निदान चार फेऱ्या हव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबर, डिसेंबर-जानेवारी, मार्च-एप्रिल, आणि पहिल्या पावसानंतर जून-जुलै. प्रत्येक फेरीत खाणीच्या जागेवर, ५०० मीटरवर, एक किमीवर आणि दोन किमीवर ठरावीक बिंदू, शिवाय पाच-सहा किमी दूर तशाच माळावर तुलनेचे बिंदू. तुलनेची जागा नसेल तर पुढे पक्षी कमी झाले तेव्हा 'यंदा सगळीकडेच कमी होते' या उत्तरापुढे तुम्ही गप्प.

पाणपक्ष्यांच्या प्रत्येक मोजणीसोबत त्या दिवशीची धरणाची पातळी लिहा, जलसंपदा विभागाचा आकडा रोज मिळतो. पातळीशिवायची रोहितांची संख्या निरुपयोगी आहे. पाणी अर्धा मीटर वरखाली झालं की थवा दहा किमी सरकतो. ४९४ ला शून्य आणि ४९२ ला आठशे, यात खाणीचा काही संबंध नसू शकतो.

भोवत्यांसाठी सूर्यास्ताआधी पाऊण तास माळावर उंच जागी बसा आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत उतरणारे पक्षी मोजा. ते गवतात समूहाने रात्र काढतात. दिवसा एक-दोनच दिसणाऱ्या माळावर संध्याकाळी मोठी संख्या उतरू शकते. एकही सल्लागार संध्याकाळी सहानंतर माळावर थांबलेला अजून ऐकिवात नाही.

माळावरचा

'आढळले नाही' या शेऱ्याचं काय करायचं? लांडग्याबद्दल दर वेळी हेच लिहितात.

चिखलपाय

किती वेळा पाहिलं ते विचारा. एका फेरीत लांडग्याची खूण सापडण्याची शक्यता ३० टक्के धरली, तर तीन फेऱ्यांनंतरही तो असून न सापडण्याची शक्यता ३४ टक्के उरते. आठ फेऱ्या केल्या की ती ६ टक्क्यांच्या खाली येते. अहवालात 'दोन दिवस पाहणी' असेल तर 'आढळले नाही' या वाक्याला काही अर्थ नाही.

खुणा शोधायच्या त्या पायवाटांच्या फाट्यांवर आणि बांधांच्या टोकांवर, विष्ठा तिथे टाकतात. ट्रॅप कॅमेरा गुडघ्याच्या किंचित खाली, ४० ते ४५ सेंमीवर, पाणवठ्याच्या वाटेला तिरका लावा. समोर गवत हललं तरी तो फोटो काढत बसतो, तेव्हा पुढची दोन मीटर जागा साफ करा. खाजगी जमिनीवर मालकाची आणि वनजमिनीवर वनविभागाची परवानगी घ्या, नाहीतर पुरावा मिळूनही वापरता येणार नाही. चिंकारा आणि लांडगा दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांची पक्की नोंद झाली की संवर्धन आराखड्याची मागणी रेटता येते.

अहवालातली प्रजातींची यादी वाचताना शास्त्रीय नाव आणि मराठी नाव जुळतं का बघा. कोकणातल्या झाडांची, पश्चिम घाटातल्या बेडकांची नावं इंदापूरच्या माळावर आली की यादी दुसरीकडून उचललेली आहे. तारखा, बिंदूंचे अक्षांश-रेखांश आणि मूळ नोंदवह्या मागा.

सुरुंग

आवाजावर मला बोलू द्या, कारण तिथे दोन्ही बाजू थापा मारतात. क्रशरपासून १० मीटरवर ९० डेसिबल धरा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. ६४० मीटरवर ५४ डेसिबल. म्हणजे दोन किमीवरचा थवा क्रशरच्या घरघरीने उडणार नाही. पण सुरुंगाचा आवाज वेगळा. तो अचानक येतो, आणि हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर असतो तेव्हा तो पाण्यावरून लांब जातो. सुरुंग सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या आत लावा, ही अट घालून घ्या. आम्हालाही ती जड नाही.

जमिनीच्या कंपनाच्या मर्यादा, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाचा १९९७ चा तक्ता, घरांसाठी आहे. कमी कंप्रतेला सेकंदाला ५ मिमी. तो आकडा पाळला म्हणजे पक्ष्यांना त्रास नाही, असं कोणी लिहिलं तर ते निव्वळ पानं भरणं.

चिखलपाय

मान्य. आणि परदेशी शोधनिबंधांतून उडण्याचं अंतर उचलण्यापेक्षा, काठाजवळ एखादा क्रशर आधीच चालू असेल तिथे जाऊन मोजा. रेंजफाइंडर घ्या. सुरुंगाआधी अर्धा तास, सुरुंगाच्या वेळी आणि नंतर एक तास: कुठल्या जातीचा थवा किती अंतरावर होता, मान वर केली की उडाला, परत किती मिनिटांनी उतरला. सुट्टीच्या दिवशी त्याच जागी तीच मोजणी करा. असा पुरावा खोडणं अवघड असतं.

धुळीचा पाणपक्ष्यांवरचा थेट परिणाम मात्र ताणू नका. क्रशरजवळ ३ ते १० मीटरवर घनमीटर हवेत ६०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, तो कामगार आणि शेजारच्या डाळिंबाच्या बागांचा प्रश्न आहे. तो त्यांच्याच नावाने मांडा.

प्राची_के

धूळ दाबायला पाणी मारतात ते कुठून आणतात?

सुरुंग

चांगला प्रश्न, समितीत कोणी विचारत नाही. दोन किमी कच्चा रस्ता, सहा मीटर रुंद, चौरस मीटरला एक लिटर, दिवसातून चार वेळा: ४८,००० लिटर, रोज पाच टँकर. अर्जात स्रोत 'टँकर' असा लिहिलेला असतो. टँकर कुठे भरतो? फुगवट्यात किंवा तुमच्या ओढ्यातल्या डबक्यात. पाणी वापराची लेखी परवानगी मागा.

माळरान बचाव

हरितपट्ट्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. छापील अट असते: क्षेत्राच्या एक तृतीयांश भागावर झाडं लावा. हे माळरान आहे. धाविक, पखुर्डी, चंडोल यांना उघडं, खुरटं गवत लागतं. तिथे सुबाभूळ आणि गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की ज्या पक्ष्यांसाठी उपाय केला तेच निघून जातात, आणि कावळे, शिकरे यांना टेहळणीला फांद्या मिळतात. पवना किंवा कुसळी गवताचा पट्टा राखा, मेंढपाळांची चराई मर्यादित ठेवा, झाडं फक्त क्रशरच्या आणि वस्तीच्या बाजूला लावा, असं स्पष्ट लिहून मागा. अट छापील असल्यामुळे न मागता बदलत नाही.

कामगारांच्या झोपड्यांचं उष्टं-खरकटं आलं की मागोमाग कुत्री येतात. चिंकाऱ्याची पाडसं आणि जमिनीवरची अंडी यांना सुरुंगापेक्षा कुत्र्यांचा धोका मोठा. कचरा रोज उचलणं आणि वस्ती माळाबाहेर ठेवणं, एवढ्या दोन अटींना खर्च जवळजवळ नाही.

कागदी घोडा

+१. आणि 'खाण संपल्यावर पाणथळ तयार करू' या आश्वासनावरही बोला कोणीतरी.

चिखलपाय

२० मीटर खोल, उभ्या कडांचा खड्डा म्हणजे विहीर. पाणपक्ष्यांना शून्य ते ६० सेंमी खोलीचा उथळ काठ लागतो, उतार १ ला १० किंवा त्याहून सौम्य. तसा काठ खाणीच्या एका बाजूला तरी करायचा तर वरचा मुरूम आणि माती पहिल्या दिवसापासून वेगळी साठवावी लागते. ती तर पहिल्याच वर्षी भरावासाठी विकली जाते. त्यामुळे मातीचा साठा कुठे आणि किती ब्रास, हे आराखड्यात दाखवलेलं नसेल तर आश्वासन फोल आहे.

कोरड्या खाणीचं एक मात्र खरं: जुन्या, बंद पडलेल्या खाणींच्या कपारीत शृंगी घुबड आवडीने घरटं करतं. तेव्हा शेजारची जुनी खाण 'पडीक' म्हणून पुन्हा उघडायचा प्रस्ताव असेल तर हिवाळ्यात संध्याकाळी जाऊन घुबडाचा आवाज ऐका, कपारीखाली उलट्यांचे गोळे शोधा.

माळावरचा

खूप मिळालं. सुरुंग, तुमच्या मते ही खाण इथे व्हावी का?

सुरुंग

खडी लागणारच आहे, ती कुठून तरी येणार. पण या नमुन्यात मी क्रशर इथे ठेवला नसता. दगड इथे काढून फोडायचं काम महामार्गालगतच्या चालू क्रशरवर न्यावं. आवाज, धूळ, टँकर आणि कामगारांची वस्ती, सगळंच त्याने कमी होतं. खोली तांबड्या थराच्या वर थांबवावी, मग ती १२ मीटर निघो की ८. आणि मुदत नऊ वर्षांपेक्षा जास्त देऊ नये. एवढं केल्यावर धंदा परवडत नसेल, तर ती जागा खाणीची नाही.

कागदी घोडा

माळावरचा, क्रम सांगतो. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत पाणवठे, गुहा आणि भोवत्यांच्या रातथाऱ्याची नोंद आधी करून घ्या, तारखेसह. अर्ज आल्यानंतर केलेल्या नोंदीला किंमत कमी. पर्यावरण मंजुरीचे अर्ज जिथे येतात त्या परिवेश संकेतस्थळावर तालुक्याच्या नावाने दर आठवड्याला शोध घ्या, कारण पाच हेक्टरखालच्या अर्जाची जाहिरात येत नाही. अर्ज दिसला की राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यमापन समितीला बैठकीआधी निवेदन पाठवा आणि प्रत्यक्ष स्थळपाहणी मागा. जोडपत्रं चारच: चार पातळ्यांचा नकाशा, विहिरींचा तक्ता, ऋतुवार मोजण्या, आणि सुरुंग यांचा ब्रासचा हिशेब. मंजुरी निघालीच तर पुण्यातल्या हरित लवादात अपील करायला ३० दिवस. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० मिळू शकतात, त्यानंतर दार बंद.

प्राची_के

नकाशा करायला घेते. जानेवारीचं चित्र कुठल्या तारखेचं घेऊ?

चिखलपाय

आशियाई पाणपक्षी गणनेच्या आठवड्यातलं, ढग नसलेलं. म्हणजे मोजणी आणि पाण्याची कड एकाच वेळची येईल. नकाशाच्या कोपऱ्यात त्या दिवशीची धरणपातळी लिहायला विसरू नका.